गूगल स्कॉलरचं प्रोफाइल : १३ वर्षं वापरल्यावर

दर सप्टेंबरात आमच्या भागातल्या कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्स लागतात. गणपती मंडळांचे उतरतात आणि त्याच बांबूंवर ‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये आमचे सर’ असे चढतात. मागे निळं पाणी भरलेला कोनिकल फ्लास्क, पुढे हात जोडलेले सर. यंदा तसला एक फ्लेक्स बघून आमच्या डिपार्टमेंटला नव्यानेच लागलेल्या सरांनी मला विचारलं, “मॅडम, गूगल स्कॉलरवर प्रोफाइल काढून काही उपयोग असतो का? की पैसे भरून दुसरं काहीतरी घ्यावं?” (गूगल स्कॉलर म्हणजे संशोधनाचे पेपर शोधायचं गूगलचं साधन. प्रोफाइल म्हणजे त्यावरचं आपलं पान, जिथे आपले पेपर आणि त्यांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला ते दिसतं.) उत्तर चहा संपेपर्यंत संपलं नाही. म्हणून लिहूनच टाकते.

मी फार्मसी कॉलेजात मेडिसिनल केमिस्ट्री, म्हणजे औषधांच्या रेणूंचं रसायनशास्त्र शिकवते, २२ वर्षं झाली. काम मुख्यतः बेंझिमिडॅझोलवर, थोडं ट्रायअझोलवर, मध्ये पीएचडीच्या एका मुलीमुळे कुमारिनवर (ही सगळी रेणूंची कुळं). पेपर ३८. एच-इंडेक्स १३. म्हणजे माझे १३ पेपर असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख निदान १३ ठिकाणी झालाय. हे माप २००५ साली सॅन डिएगोच्या जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं. आम्ही औषधवाले ते प्रमोशनच्या फॉर्मात भरतो.

आधी चांगलं सांगते. गूगल स्कॉलर २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. ते उभं करणाऱ्या दोघांपैकी एक, अनुराग आचार्य, आपल्या आयआयटी खरगपूरचे. लेखकांची प्रोफाइलं सर्वांसाठी खुली झाली २०११ च्या अखेरीस. मी २०१२ च्या मे महिन्यात, पेपर तपासणीच्या सुट्टीत प्रोफाइल काढलं. पैसे शून्य. कॉलेजचा ईमेल टाकायचा, आपले पेपर टिक करायचे, झालं. पैसेवाल्या डेटाबेसमध्ये ज्यांना दारातच अडवतात ती आपल्याकडची छोटी जर्नल्स, प्रबंध, कॉन्फरन्सची पुस्तकं इथे सापडतात. त्यामुळे उल्लेखांचा आकडा बहुतेक वेळा दुसरीकडच्यापेक्षा फुगलेला दिसतो, हे लक्षात ठेवायचं.

मला ते खरं आवडलं नावाच्या भानगडीमुळे. आपल्याकडे बाईचं नाव लग्नात तीनपैकी दोन भागांनी बदलतं. वडलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि आडनावही जातं. माझे पहिले ७ पेपर माहेरच्या नावावर आहेत. इथे जुनं नाव शोधलं, सातांवर खूण केली, पंधरा मिनिटांत सगळे एका पानावर. याउलट एका पैसेवाल्या डेटाबेसने (नाव घेत नाही) माझ्या तीन बायका करून ठेवल्या होत्या. एक माहेरची, एक सासरची आणि तिसरी कुणी तरी, जिचं पहिलं नाव नवऱ्याचं होतं. दुरुस्तीचा फॉर्म भरला, तीन वेळा ईमेल केले, सहा आठवडे गेले. नेमकी तेव्हाच प्रमोशनची फाइल जायची होती. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, प्रिंटवर जो आकडा येईल तोच लिहा, बाकी आम्हाला काय कळतंय.” प्रिंटवर एच-इंडेक्स ६ आला. मी ६ लिहिले. एकत्र केले असते तर ११ होते. नव्या मुलींना माझं सांगणं एवढंच, की पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ आकडी नंबर काढून घ्या. तोही फुकट आहे, आणि लग्नात बदलत नाही.

आता दोष. आकड्यावर पहारा नाही. स्वतःच स्वतःला सायट केलेलं, म्हणजे आपल्या पेपरात आपल्याच जुन्या पेपराचा उल्लेख केलेला, वजा होत नाही. पीडीएफ खरा की खोटा हे बघायला माणूस बसलेला नसतो. २०२४ मध्ये दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर १२ बोगस पेपर तयार केले आणि त्या पेपरांना सायट करणारे आणखी १२ बोगस पेपर चढवले. मांजराच्या खात्यावर १३२ सायटेशन्स जमा, एच-इंडेक्स ११! पुढे ते काढून टाकलं गेलं, पण प्रमोशनच्या वेळी मी ६ वर होते आणि मांजर ११ वर, हे मी विसरलेले नाही. आपल्याकडे मांजर लागतच नाही. व्हॉट्सॲपवर ‘तुम्ही आमचे दोन घाला, आम्ही तुमचे दोन घालतो’ असे निरोप सर्रास फिरतात.

फ्लेक्सवरची ती २ टक्क्यांची यादी याहून बरी. ती स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात, स्कोपस या पैसेवाल्या डेटाबेसवरून. सहा मापांचा एक एकत्रित गुणांक असतो, सेल्फ-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही हिशोब दिलेले असतात, आणि मेडिसिनल केमिस्टची तुलना फिजिक्सवाल्यांशी न करता आपल्याच पोटविषयात करतात. पण याद्या दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. सर कोणत्या यादीत, ते फ्लेक्सवर छापलेलं मी अजून पाहिलं नाही. आणि स्टॅनफर्ड यात कुणाला पुरस्कार वगैरे देत नाही, तरी शाल-श्रीफळ होतंच.

आमच्या विषयात सायटेशन कशाला मिळतं हेही बघा. सहा महिने पदार्थ शुद्ध करायला कॉलम टाकून, टीएलसीवर (शुद्धता बघायची चाचणी) एकच डाग येईपर्यंत जीव काढून, १८ नवी संयुगं बनवलीत तर दहा वर्षांत १५ सायटेशन्स. तीच माहिती दुसऱ्या कुणी रिव्ह्यूमध्ये गोळा केली की त्याला तीनशे. लिपिन्स्कींचा १९९७ चा पेपर घ्या, कुठला रेणू पोटात घ्यायचं औषध होऊ शकेल याच्या ठोकताळ्यांचा. जास्तीत जास्त ५०० चं वजन, ५ चा लॉग-पी (तेलात विरघळायचा कल), ५ हायड्रोजन देणारे, १० घेणारे. पाचच्या पटीतले चार नियम, म्हणून नाव रूल ऑफ फाइव्ह. (दरवर्षी एक तरी मुलगा पाचवा नियम कुठला म्हणून विचारतो.) तो पेपर खरोखर उपयोगी आहे, पण आमच्याकडचा प्रत्येक डॉकिंगवाला (रेणू प्रथिनात बसतो का ते कॉम्प्युटरवर बघणारा) पेपर न वाचताच त्याला नमस्कार करून पुढे जातो. हळदीतलं कुरक्युमिन ही आणखी एक गंमत. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत एक मोठा लेख आला. त्यात साधार लिहिलंय की हा रेणू टिकत नाही, रक्तात नीट पोचत नाही, वर स्वतःच चमकून आणि प्रथिनांना चिकटून चाचण्या फसवतो. त्या लेखाला सायट करून पुढच्या परिच्छेदात लोक पुन्हा कुरक्युमिनच बनवायला घेतात. स्कॉलरच्या खात्यात पाठिंबा आणि विरोध वेगळे नसतात. दोन्ही १.

आणि जे मोजलंच जात नाही ते वेगळंच. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद यांच्या गटाने सेंटक्रोमन शोधलं. आठवड्यातून एकदा घ्यायची, बिनस्टेरॉइडची गर्भनिरोधक गोळी. १९९१ मध्ये ‘सहेली’ म्हणून बाजारात आली, २०१६ पासून ‘छाया’ नावाने सरकारी कार्यक्रमात आहे. गोळी घेणाऱ्या बायका पेपर सायट करत नाहीत.

तरीही मी प्रोफाइल ठेवलंय ते एका बटणासाठी. पेपरपुढच्या आकड्यावर बोट ठेवलं की कुणी कुणी उल्लेख केलाय त्याची यादी उघडते. बहुतेक लोक आकडा बघतात आणि खिडकी बंद करतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या २००९ च्या बेंझिमिडॅझोलच्या पेपरची यादी उघडून बसले. ४१ नावं. जितके मिळाले तितके पेपर उघडून माझं नाव कुठे येतं ते शोधलं. जवळजवळ सगळीकडे पहिल्याच ओळीत, ‘बेंझिमिडॅझोलमध्ये विविध जैविक गुणधर्म आढळतात’, आणि पुढे कंसात संदर्भ क्रमांक ५ ते १२. मी त्यातली ८ वी. एकाने तर मला अँटिफंगलसाठी सायट केलं होतं. मी आयुष्यात बुरशीवर काम केलेलं नाही. डब्यावरची सोडून.

एक प्रबंध मात्र वेगळा निघाला. त्या मुलाने माझी पद्धत खरंच करून पाहिली होती. ऑर्थो-फेनिलीनडायअमीन, अल्डिहाइड, सोडियम मेटाबायसल्फाइट, डीएमएफ या द्रावकात गरम करून बर्फाच्या पाण्यात ओतायचं. त्याने लिहिलं होतं, ‘प्रकाशित उतारा (यील्ड) ८२ टक्के, आम्हाला ५४ च्या वर मिळाला नाही.’ आधी राग आला. पोराला बुकनर फनेलवर (गाळायचं नरसाळं) पदार्थ नीट धुता येत नसेल, म्हटलं. मग माळ्यावरून जुनी नोटबुकं काढली. पान सापडलं. कोपऱ्यावर आयोडीनचा तपकिरी डाग, खाली वजन, आणि वेळ संध्याकाळी ५.४०. त्याच्या खालची ओळ, ‘६० अंशाला ओव्हनमध्ये ठेवलं’, दुसऱ्या दिवशीची. म्हणजे वजन ओल्या पदार्थाचं होतं. पाण्यासकट ८२ टक्के! अक्षर माझंच.

जर्नल तोवर बंद पडलेलं, दुरुस्ती छापणार कुठे. मी त्या मुलाला ईमेल करून कळवलं की तुझा आकडा बरोबर, माझा चुकीचा. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात तीन वेळा ‘मॅम’ होतं.

तर नव्या सरांसाठी मी स्वतः बसून प्रोफाइल काढून दिलं. सेटिंगमध्ये नवे पेपर आपोआप चढवण्याऐवजी ‘आधी ईमेल करा’ निवडलं, कारण सरांसारखे पाटील एस. नावाचे केमिस्ट महाराष्ट्रात किती असतील याची कल्पना करा. फॉलो करून नव्या सायटेशन्सचा अलर्ट लावला. एच-इंडेक्स आला २. माझ्याकडून पाचपैकी चार तारे, एक मांजरापायी कापला.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले. “मॅडम, तो २ लपवता येतो का?”

येतो म्हटलं, प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा. पण अलर्ट चालू राहू द्या.