आठ महिने डंपिंग ग्राउंडच्या फेऱ्या मारल्यावर

घराचं काम काढलं तेव्हापासून राडारोडा आणि घरातली अडगळ मी स्वतःच गाडीत भरून नेतोय, वीसेक फेऱ्या तरी झाल्यात, म्हणून आता सविस्तर लिहितो.

सगळा खेळ वजनाचा. आत जाताना भरलेली गाडी काट्यावर, निघताना रिकामी, मधला जो फरक त्याचे पैसे. फोडलेलं काँक्रीट, विटा दिसायला एवढासा ढीग पण घनमीटरभर सुटा राडारोडा टनाच्या वर जातो, त्यामुळे गाडी अर्धीच भरा, काठोकाठ भरली की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बसलेच म्हणून समजा. आणि माल भिजू देऊ नका! सीलिंगचे जुने जिप्सम बोर्ड मी रात्रभर उघड्यावर ठेवले, पाऊस आला, सकाळी उचलायला गेलो तर कागद हातात आणि आतलं सगळं पांढरं चिखल होऊन खाली, वर त्या पाण्याचेही पैसे मलाच पडले. तेव्हापासून ताडपत्री.

जिप्सम तिथे वेगळं टाकायला सांगतात तेव्हा वैतागू नका, ते कुजणाऱ्या कचऱ्यात गाडलं गेलं की आत हवा नसते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच, आणि जास्त साठला तर जीव जातो.

आता सर्वात महत्त्वाचं, जुने सिमेंटचे पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आमचा कामवाला हातोडा घेऊन तुकडे करायलाच निघाला होता, मी धावत जाऊन थांबवलं, कारण ती धूळ फुफ्फुसात बसते आणि कॅन्सर होतो, तोही कित्येक वर्षांनी. पत्रे अख्खेच ठेवायचे, पाणी मारून जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचे आणि घेतात का ते आधी फोन करून विचारायचं, मी न विचारता गेलो आणि गेटवरूनच परत आलो. खरंतर असे पत्रे काढायला जाणकार माणूसच बोलवा.

एकदा माझ्या प्लास्टरच्या गोणीतून तिथल्या दादांनी फुटकी ट्यूबलाइट बाहेर काढली, उघड्या हातानं. काच तर होतीच, पण ट्यूबमध्ये पारा असतो. मला फार लाज वाटली. आता ट्यूब, बॅटऱ्या, रंगाचे डबे तोडफोड सुरू व्हायच्या आधीच बाजूला काढतो, नंतर ढिगातून काही सापडत नाही.

शेवटची फेरी राहिलीय, दोन गोणी टाइल्स आणि एक दार. दार चांगलं आहे, कुणी वापरायला नेत असेल तर फक्त टाइल्स नेईन.