हिरवे पुस्तक माझ्या कपाटात, जमीन दुसऱ्याच्या नावावर

इंडोनेशियातील लोंबोक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बारा गुंठ्यांचा एक तुकडा घेण्याच्या नादात माझे सुमारे बत्तीस लाख रुपये बुडाले. ते कसे बुडाले हे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण अलीकडे ओळखीच्या तीन कुटुंबांनी तशाच जमिनीविषयी माझ्याकडे विचारणा केली, आणि फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी महत्त्वाचे राहून जाते. गावाचे, दलालाचे आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्या माणसाचे नाव मी देत नाही, कारण तक्रार पोलिसांत प्रलंबित आहे.

मी पश्चिम जावातील एका कापड गिरणीत सहा वर्षे नोकरीला होतो. मार्च २०२२ मध्ये लोंबोकच्या मांडालिका ट्रॅकवर मोटोजीपीची मोटारसायकल शर्यत झाली आणि त्या किनाऱ्यावरच्या जमिनींचे भाव सगळ्यांच्या तोंडी झाले. काही आठवड्यांनी सुट्टीत मी तिकडे गेलो. शंभर-सव्वाशे घरांची ससाक लोकांची वस्ती, टेकडीमागे समुद्र, भातखाचरे आणि अंगणात बेरुगाक, म्हणजे चार खांबांवर उभा, वर शाकारलेला, उघडा ओटा. दलाल मलेशियातील पामतेलाच्या मळ्यात काही वर्षे तमिळ मजुरांबरोबर राहून आलेला होता. मी भारतीय आहे हे कळताच तो "अच्छा, अच्छा" म्हणून हसला आणि त्याने शाहरुख खानची आठवण काढली. इंडोनेशियात हे प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला येते, त्यात विशेष काही नाही; मी मात्र त्याला आपुलकी समजलो.

माझी खरी चूक भाषेपाशी झाली, असे आता वाटते. गावाला तिथे 'देसा' म्हणतात, साक्षीदाराला 'साक्सी', विश्वासाला 'परचाया', आणि मालकी हक्काला 'हाक मिलिक'. जमिनीचा भाव 'आरे'वर सांगतात आणि एक आरे म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा आर, जवळजवळ एक गुंठा. बारा आरे, दर आरेला पाच कोटी रुपिया (तिथले चलन), एकूण साठ कोटी रुपिया, म्हणजे आपले सुमारे बत्तीस लाख रुपये. कोकणातल्या जमिनीचा व्यवहार करतो आहोत असेच मला वाटत राहिले. ज्या भाषेतले निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, त्या भाषेतला करार आपल्याला कळला आहे असा भ्रम फार लवकर होतो.

'हाक मिलिक' फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो, हे दलालाने मला पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितले होते. म्हणून त्याने तोड सुचवली: जमीन त्याच्या मेहुण्याच्या नावावर घ्यायची, आणि मेहुण्याने मला चार कागद द्यायचे. साठ कोटी रुपिया माझ्याकडून कर्जाऊ घेतल्याचा करार, जमीन खरी माझी असल्याचे निवेदन, तीस वर्षांचा भाडेकरार आणि जमीन विकण्यासह सर्व अधिकार मला देणारे कुलमुखत्यारपत्र. मूळ हिरव्या आवरणाचे, गरुडाचे चिन्ह असलेले सर्टिपिकाट, म्हणजे पुस्तकाच्या रूपातले मालकीचे प्रमाणपत्र, माझ्या ताब्यात राहील, मग मेहुणा काय करणार, असा त्याचा सवाल होता, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सह्या बेरुगाकवर झाल्या. मेहुण्याची बायको कॉफी घेऊन आली; कपात तळाशी चमचाभर चोथा बसलेला, तो बसेपर्यंत थांबायचे असते. दलालाने प्रत्येक कागदावर दहा हजार रुपियांचे मुद्रांक-तिकीट, ज्याला तिथे 'मतराई' म्हणतात, जिभेने ओले करून चिकटवले आणि सही अर्धी तिकिटावर व अर्धी कागदावर यावी म्हणून मेहुण्याचा हात धरून दाखवला. 'केपाला दुसून', म्हणजे वाडीचा प्रमुख, साक्सी म्हणून बसला होता. दुसऱ्या दिवशी प्राया गावी नोतारिसच्या, म्हणजे नोटरीच्या, कार्यालयातून त्यावर गोल शिक्का आणि नोंदणी क्रमांक पडला. मी बाहेर गार हवेत बसून होतो. खरा नोतारिस, खरा शिक्का, खरे सर्टिपिकाट. यातला एकही कागद बनावट नव्हता, आणि वाचणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते या गोष्टीकडे.

पुढची दोन वर्षे मी तिथे जाऊन-येऊन राहिलो. विटा-सिमेंटची दोन खोल्यांची जागा बांधली, विहीर खणली. उन्हाळ्यात तिचे पाणी मचूळ व्हायचे आणि टँकर मागवावा लागायचा. विजेचा मीटर तिथे आधी पैसे भरून चालतो, शिल्लक संपत आली की तो टूं-टूं वाजू लागतो आणि रात्री कोणाच्या घरची वीज संपते आहे हे सगळ्या वाडीला कळते. तो मीटरही मेहुण्याच्याच नावावर होता. तेव्हा त्याचे मला काही वाटले नाही.

नोकरी संपवून मी पुण्यास परतलो आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेजाऱ्याने एक फोटो पाठवला: माझ्या जागेभोवती नवी भिंत. मी गेलो. जागा जाकार्ताच्या एका गृहस्थाने विकत घेतली होती आणि त्यांच्याकडेही हिरवे सर्टिपिकाट होते. मेहुण्याने मूळ सर्टिपिकाट हरवल्याची पोलिसांत नोंद केली, जमीन कार्यालयात शपथ घेतली, नियमाप्रमाणे स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली, ३० दिवस कोणी हरकत घेतली नाही आणि त्याला बदली सर्टिपिकाट मिळाले. ते निघाले त्याच क्षणी पुण्यातल्या माझ्या कपाटातले पुस्तक रद्द झाले. मेहुण्याला लोंबोकमधले वर्तमानपत्र पुण्यात कोणी वाचत नाही, एवढेच माहीत असणे पुरेसे होते.

लोंबोकमधल्या माताराम शहरातील वकिलाने माझे चार कागद दहा मिनिटांत बाजूला ठेवले. नोतारिसने केली होती ती केवळ 'वार्मर्किंग', म्हणजे खासगी कागद आपल्या नोंदवहीत चढवणे. त्यातल्या मजकुराची हमी तो घेत नाही. जमिनीबाबतचे असे सर्वाधिकारी कुलमुखत्यारपत्र १९८२ पासून निषिद्ध आहे. राहिला मूळ व्यवहार. १९६० च्या जमीन कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे जमीन खरी माझी होती हे मी न्यायालयात जितके नीट सिद्ध करीन, तितका मी हरेन. कर्जाच्या कराराचा धागा तेवढा उरतो. पण त्याच पाकिटातल्या निवेदनात मीच ते कर्ज नाममात्र असल्याचे मान्य केले आहे, आणि प्रतिपक्ष तो कागद पुढे करणार हे उघड आहे. फसवणुकीची फौजदारी तक्रार दिली आहे, तिची तारीख पुढे सरकते आहे.

यात सर्वांत जिव्हारी लागणारी बाब अशी की, मला यापैकी काहीच करण्याची गरज नव्हती. माझ्याकडे तेथील वास्तव्याचा परवाना होता. त्यावर 'हाक पाकाई', म्हणजे वापरहक्क, माझ्या स्वतःच्या नावे नोंदवता येतो. तो आधी ३० वर्षे, मग २० वर्षांची मुदतवाढ आणि नंतर ३० वर्षांचे नूतनीकरण असा मिळतो. घराच्या किमान किमतीची अट असते, ती मला परवडली नसती, तर साधा भाडेपट्टा होताच. तोही मालकाने दुसऱ्याच्या नावाआडून नव्हे, तर थेट माझ्याशी, नोतारिसने स्वतः लिहिलेल्या दस्ताने केलेला. सर्टिपिकाटची तपासणी दस्त करणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत होते आणि तिची सरकारी फी पन्नास हजार रुपिया, म्हणजे आपले जेमतेम पावणेतीनशे रुपये आहे. माझ्या जागेचे दोन-अडीच आरे भरतीरेषेपासून १०० मीटरच्या किनारपट्ट्यात येत होते, तिथे बांधकामाला परवानगीच नव्हती, हेही मला वकिलाकडूनच कळले.

माझ्या शब्दावर नाशिकच्या एका स्नेह्याने त्यात आठ लाख घातले होते. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचे कारण विचारतात तेव्हा, कटकट नको म्हणून, त्यांनी 'भेट' असे लिहिले. आज कागदोपत्री त्यांनी लोंबोकच्या एका अनोळखी माणसाला आठ लाख रुपये भेट दिले आहेत, आणि याविषयी ते माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटच्या खेपेस वकिलाने नव्या खरेदीखताची प्रत मिळवून मला दाखवली. लग्नानंतर खरेदी झालेली जमीन तिथे नवरा-बायको दोघांची धरतात, म्हणून त्यावर मेहुण्याच्या सहीशेजारी त्याच्या बायकोची सही होती. माझ्या चारही कागदांवर तिची सही घ्यावी हे कोणाला सुचले नव्हते. त्या संध्याकाळी मी वाडीवर गेलो तेव्हा मेहुणा घरी नव्हता. ती बाहेर आली, बेरुगाकवर चटई टाकली आणि नेहमीसारखे विचारले, "सुदाह माकान, पाक?" म्हणजे, जेवलात का.