वूल्सथॉर्प मॅनर: झाडाआधी भिंती पाहाव्यात असे घर

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात, ग्रँथमपासून दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर, वूल्सथॉर्प नावाच्या खेड्यात चुनखडी दगडाचे एक बेताचे शेतघर आहे. आयझॅक न्यूटनचा जन्म याच घरात झाला आणि आज नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते. मी तेथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस एका सहल कंपनीच्या बसने गेलो होतो. तिने दिलेली चाळीस मिनिटे बागेतील सफरचंदाच्या झाडासमोर छायाचित्रे काढण्यातच संपली आणि घर न पाहता परतावे लागले. दुसऱ्या खेपेस अर्धा दिवस राखून एकटाच गेलो. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

घरात शिरल्यावर पहिली जाणीव होते ती न्यूटनच्या बालपणाची. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी, दिवस भरण्याआधीच, न्यूटन येथे जन्मला. वडील तीन महिन्यांपूर्वीच वारले होते आणि मूल इतके चिमुकले होते की ते लिटरभर मापाच्या भांड्यात मावले असते, असे पुढे त्याला सांगण्यात आले. तो तीन वर्षांचा असताना आई हॅना हिने बार्नबस स्मिथ या धर्मगुरूशी दुसरा विवाह केला आणि ती जेमतेम दीड मैलावरच्या नॉर्थ विदमला राहावयास गेली; मुलगा मात्र आजीजवळ याच घरात राहिला. चरित्रांतून ही हकीकत मी अनेकदा वाचली होती, पण आई एवढी जवळ असूनही आपली नाही, हे त्या मुलाने किती वर्षे सोसले असेल याचा अंदाज मला या खोल्यांतून हिंडताना प्रथमच आला. १६५३ मध्ये स्मिथ वारल्यावर ती तीन सावत्र भावंडांना घेऊन परतली. पुढे १६६२ मध्ये, केंब्रिजला असताना, न्यूटनने आपल्या पापांची यादी सांकेतिक लघुलिपीत लिहिली. आईला आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळून टाकण्याची धमकी दिल्याची कबुली तीत आहे.

या घराचे खरे धन म्हणजे त्याच्या भिंती. लहानपणी न्यूटन भिंतींवर चित्रे आणि आकृत्या काढीत असे, हे त्याचा स्नेही व चरित्रकार विल्यम स्ट्यूकली याने नोंदवले आहे. त्यांपैकी काही खुणा जुन्या गिलाव्याखालून पूर्वीच उजेडात आल्या होत्या. २०१७ मध्ये निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून पृष्ठभागाची छायाचित्रे घेण्याच्या तंत्राने शेकोटीजवळ पवनचक्कीचे एक पुसट रेखाटन सापडले. ते त्याच्याच हातचे असावे असे मानले जाते, कारण त्या सुमारास ग्रँथमजवळ उभारली जात असलेली पवनचक्की पाहून त्याने तिची चालती प्रतिकृती बनवली होती आणि ती फिरवण्यास एका उंदराला जुंपले होते. कागदी कंदील पतंगाच्या शेपटीला बांधून रात्री उडवणे, पाण्यावर चालणारे घड्याळ तयार करणे, १६५८ च्या मोठ्या वादळात वाऱ्याच्या दिशेने व विरुद्ध उड्या मारून वाऱ्याचा जोर मोजणे हे सारे उद्योग याच वयातले आहेत. हाताने काही घडवल्याशिवाय ज्याचे समाधान होत नाही, असा हा मुलगा होता. पुढे त्याने परावर्ती, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण केली, तेव्हा तिचा आरसाही स्वतः ओतला आणि घासला, याचे मला या भिंतीसमोर नवल वाटेनासे झाले.

भोवतालचे शेत पाहताना त्याच्या शेतकी कारकिर्दीची आठवण होतेच. आईने सुमारे १६५९ मध्ये शाळा सोडवून त्याला शेतीला लावले. तो कुंपणाच्या आडोशाला वाचत बसे आणि मेंढ्या दुसऱ्यांच्या शेतात शिरत. त्याबद्दल त्याला झालेल्या दंडाची नोंद त्याच वर्षीच्या स्थानिक न्यायसभेच्या दप्तरात आहे. अखेर मामा आणि ग्रँथमचे शाळामास्तर हेन्री स्टोक्स यांनी आईचे मन वळवले आणि १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला.

झाडाविषयी थोडक्यात सांगतो. ते ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचे असून १८२० च्या वादळात उन्मळून पडले आणि जमिनीतील मुळांपासून पुन्हा वाढले. ते पाहण्यासारखे आहे, पण फळ डोक्यावर पडल्याची कथा खरी नाही. सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचला, एवढेच न्यूटनने १७२६ मध्ये स्ट्यूकलीला सांगितले होते.

वरच्या मजल्यावरील खोलीत मात्र अवश्य रेंगाळावे. प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडल्यावर १६६५ ते १६६७ या काळातील बहुतेक दिवस त्याने या घरी काढले आणि प्रकाश, गणित व गुरुत्वाकर्षण यांवरचे मूलभूत काम तेव्हाच सुरू केले. ते काम त्याने दीर्घकाळ जगापुढे ठेवले नाही. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने पाठपुरावा केला म्हणून गती व गुरुत्वाकर्षणावरचे ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये निघाले. प्रकाशावरचे ‘ऑप्टिक्स’ तर त्याचा टीकाकार शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या मृत्यूनंतर, १७०४ मध्ये छापले गेले. टीका सहन न होणे, वैर विसरता न येणे आणि आपले काम लपवून ठेवणे हा त्याचा स्वभाव होता. त्याचे मूळ केवळ बालपणात शोधणे मला धाडसाचे वाटते, तरी एकट्याने विचार करण्याची सवय याच घरात लागली असणार, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून आगगाडीने ग्रँथमला उतरावे आणि तेथून टॅक्सी करावी. किमान तीन तास हाताशी ठेवावेत, आधी घर आणि मग बाग पाहावी. वेळ उरला तर जवळच्या कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये जावे. न्यूटनने नवव्या वर्षी दगडात कोरल्याचे सांगितले जाते ती सूर्यघडी तेथे भिंतीत बसवलेली आहे. १६७९ मध्ये आई तापाने आजारी पडली, तेव्हा तो रात्र रात्र जागून तिच्या उशाशी बसला होता. तिचे दफन याच चर्चमध्ये झाले.