सॉरडो, सात महिन्यांनंतर: भोकांचे पैसे

परवा बेकरीचा मेसेज आला, सॉरडो ब्रेडचा लोफ 325 वरून 360 रुपये. म्हणून आज लिहायला बसलेच.

सॉरडो म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेलं पीठ घालून फुगवलेला पाव, घेणाऱ्यांना माहीत आहे. अंधेरीत राहते, दर शनिवारी सकाळी एक लोफ दारात, सात महिने. चव उत्तम, वरचं कवच कुरकुरीत, आत किंचित आंबट. तिथे तक्रार नाही.

माझं भांडण भोकांशी आहे. मधली फाक उजेडात धरली की पलीकडचं कॅलेंडर दिसतं. लोणी लावा, निम्मं ताटलीत. लेकाला डब्यात चटणी सँडविच दिलं, तो हिरवा शर्ट घेऊन घरी आला. बेकरीला विचारलं तर, "मॅम, तीच तर अस्सल सॉरडोची खूण." मग वाचत बसले. 100 ग्रॅम पिठाला 75-80 ग्रॅम पाणी घालतात, पीठ जितकं सैल तितकी भोकं मोठी. दूधवाल्याने पाणी घातलं की आपण भांडतो, आणि इथे पाण्याचे जास्त पैसे मोजतो!

पाकिटावर 500 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 438. उत्तर आलं की 500 हे भाजण्याआधीचं वजन. म्हणजे भट्टीत उडालेल्या वाफेचं बिलही माझ्याच नावावर. दोन आठवडे वाद घातला, तेव्हा कुठे पाकिटावर बारीक अक्षरांत 'भाजण्यापूर्वी' आलं. वजन तेवढंच.

हे सगळं जूनमध्येच लिहिणार होते. बरं झालं नाही लिहिलं, कारण जुलैत मत जरा बदललं. पावसात लादीपाव तिसऱ्या दिवशी हिरवा. हा लोफ सहाव्या दिवशीही तव्यावर शेकला की ताजा. आंबवताना जी आम्लं तयार होतात त्यांनी बुरशी उशिरा धरते. महिन्याला दोन-तीन लाद्या कचऱ्यात जायच्या, त्या वाचल्या. उरलेल्या कडक टोकांचा कांदा-मोहरी घालून फोडणीचा ब्रेड तर पावापेक्षा सरस होतो. तरी हिशेब काही जुळत नाही, सहा पावांची लादी 30 रुपयांना आहे.

ती आधी 24 ला होती. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या, आमचा कोपऱ्यावरचा बेकरीवाला गॅसवर गेला आणि पाव एक रुपयाने वाढला. त्या एका रुपयावर लिफ्टमध्ये आठवडाभर चर्चा. लोफच्या 35 रुपयांवर मात्र ग्राहकांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे अंगठे. मी एकटीने लिहिलं, "का?" कुणी उत्तर दिलं नाही.

आई म्हापशाची. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हा तर आमचा सुरेचा पाव!" गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवायचे. भोंगा वाजवत पाव दारात यायचा तो सायकलवरून, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून चटणी गळत नसे.

सध्या बंद केलंय. बेकरीकडच्या वॉलेटमध्ये माझे आगाऊ भरलेले 340 रुपये आहेत. जुन्या भावात एक लोफ आला असता, आता 20 कमी पडतात. रिचार्ज किमान 1,000 चा. पैसे परत मिळत नाहीत, कारण ते पैसे नाहीत म्हणे, 'क्रेडिट' आहे.