मुतखड्याची शंका: सोनोग्राफी, प्लेन सीटी की इंजेक्शन देऊन सीटी?

कमरेच्या एका बाजूला उठून जांघेकडे उतरणारी कळ, मळमळ, लालसर लघवी. एवढ्यावरून डॉक्टर मुतखड्याची शंका घेतात आणि चिठ्ठीवर तपासणी लिहितात. बऱ्याच रुग्णांचा समज असा की सोनोग्राफी साधी, सीटी भारी आणि इंजेक्शन देऊन केलेली सीटी सगळ्यात भारी. मुतखड्याच्या बाबतीत ही उतरंड चुकीची आहे. तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, खर्च कमी आणि ती तालुक्याच्या गावीही होते. किडनीतला मध्यम-मोठा खडा आणि किडनीला आलेली सूज ती चांगली दाखवते. तिची अडचण मूत्रवाहिनीत, म्हणजे युरेटरमध्ये आहे. तो मधला भाग आतड्यातल्या वायूमागे दडतो आणि कळ तर बहुतेक वेळा तिथे अडकलेल्या खड्याचीच असते. युरोपातील युरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांत युरेटरमधले खडे थेट दिसण्याचे सोनोग्राफीचे प्रमाण सुमारे ४५ टक्के दिले आहे. त्यामुळे ‘खडा दिसला नाही’ याचा अर्थ खडा नाही असा होत नाही. कळ सुरू होऊन दोन-तीन तासच झाले असतील किंवा अंगात पाणी कमी असेल, तर किडनीला सूजही दिसेलच असे नाही.

तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी रोखायला सांगतात ते उगाच नव्हे. भरलेल्या मूत्राशयातूनच युरेटरचे खालचे टोक दिसते आणि खडे नेमके तिथे अडकायला सोकावलेले असतात. सोनोग्राफीच्याच यंत्रावर रंगीत डॉपलर (एरवी रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोय) लावला की खड्याच्या मागे रंगांची चमचम उठते, त्यावरून बारीक खडाही ओळखता येतो. मूत्राशय काठोकाठ भरले तर मात्र किडनीला सौम्य सूज असल्याचा आभास होतो. लघवी करून पुन्हा या म्हटले, तर कंटाळा न करता जावे. आणखी एक खोड म्हणजे सोनोग्राफी खडा मोठा मोजते, विशेषतः ५ मिमीहून लहान असला तर. ६ मिमीचा रिपोर्ट घेऊन घाबरलेल्या रुग्णाचा खडा सीटीत ४ मिमी निघू शकतो, आणि ४ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे काही आठवड्यांत आपोआप पडतात.

प्लेन सीटी, म्हणजे इंजेक्शन न देता केयूबी (किडनी, युरेटर आणि ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय) भागाची सीटी, ही खड्यासाठी सर्वांत खात्रीची तपासणी. साध्या एक्स-रेत न दिसणारे युरिक ॲसिडचे खडेही तिच्यात पांढरेशुभ्र दिसतात. उपाशी राहावे लागत नाही. दोन्ही हात डोक्यावर, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा, काम झाले. चुका होतात त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमुळे. कमरेचा चांदीचा करगोटा, पट्ट्याचे बक्कल, खिशातली नाणी यांच्यामुळे चित्रावर रेघोट्या उमटतात, त्यांत २-३ मिमीचा खडा हरवतो. पोटाचा बेरियम एक्स-रे गेल्या काही दिवसांत झाला असेल तर आधीच सांगावे, उरलेले बेरियमही तसेच करते. कळीने तळमळणाऱ्या माणसाला टेबलावर चढवण्याआधी वेदनाशामक द्यायला हवे, हलल्यावर चित्र बिघडतेच. मूत्राशय इथेही थोडे भरलेले बरे. खडा युरेटरच्या तोंडाशी अडकलाय की मूत्राशयात पडलाय, हा संशय आला तर पालथे झोपवून तेवढाच भाग पुन्हा घेतात. सुटा खडा खाली सरकतो, अडकलेला हलत नाही.

प्लेन सीटीची किंमत किरणोत्सर्गात मोजावी लागते. निसर्गातून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचे एकक) मिळतात. नेहमीच्या डोसची पोट-ओटीपोटाची सीटी साधारण ५ ते १० देते, लो-डोस, म्हणजे कमी किरणांत केलेली, ३ च्या आत बसते. लठ्ठपणा नसेल तर ३ मिमीच्या वरचे खडे लो-डोसमध्येही सहसा सुटत नाहीत, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच ‘लो-डोस केयूबी होईल का’ असे विचारावे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर असेल तर हट्ट धरू नये, चित्र खरखरीत येते. डोस पडताळणेही सोपे आहे. सीडीतल्या शेवटच्या पानांत डीएलपी नावाचा, त्या सीटीत वापरलेल्या एकूण किरणांचा आकडा असतो. त्याला ०.०१५ ने गुणले की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात: २०० असेल तर ३, ६०० असेल तर ९. फिल्मबरोबर सीडी मागून घ्यावी ती याचसाठी, आणि युरोलॉजिस्टला स्वतः मोजमाप करता यावे म्हणूनही.

इंजेक्शन देऊन केलेली सीटी फक्त खडा शोधण्यासाठी बहुधा नको. आयोडीनयुक्त औषध लघवीतून उतरू लागले की तेही पांढरे दिसते आणि खडा त्यात बुडून जातो. ती लागते वेगळ्या कारणांसाठी: लघवीत रक्त आहे पण खडा नाही, गाठीची शंका, किडनीची रचना वेगळी किंवा शस्त्रक्रियेआधी मार्ग पाहायचा आहे. तिच्यात प्लेन, मग औषध किडनीत भरल्यावर, मग साधारण दहा मिनिटांनी ते युरेटरमध्ये उतरल्यावर असे फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याचा डोस वेगळा. ‘एकदाच सगळे होऊन जाऊ दे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

ती करायचीच असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचे काम दाखवणारी, ताजी रक्ततपासणी हवी. त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डॉक्टर मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करतात. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल किंवा पूर्वी याच औषधाने पुरळ वा धाप आली असेल, तर सांगायलाच हवे. कोळंबी-खेकड्याच्या ॲलर्जीमुळे मात्र ही तपासणी टाळायचे कारण नाही. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे. औषध जाताना अंगभर ऊब येते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते, हे सगळे मिनिटभरात ओसरते. सुईच्या जागी आग किंवा फुगवटा आला तर लगेच हाक मारावी, औषध शिरेबाहेर जात असते.

मग निवड कशी करावी? तरुण, ताप नाही, कळ औषधाने थांबते: आधी सोनोग्राफी. अमेरिकेत १५ तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना किरणोत्सर्ग कमी मिळाला आणि गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. गरज पडली त्यांची सीटी नंतर झालीच. गरोदर स्त्रीसाठी सोनोग्राफीच, त्यातून उलगडा झाला नाही तर एमआरआय. लहान मुलांतही सुरुवात सोनोग्राफीनेच. कळ परत परत येते, सोनोग्राफीत नुसती सूज दिसते किंवा खडा फोडायचे ठरते आहे: लो-डोस प्लेन सीटी. साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली तर सीटीकडे लवकर वळावे, कारण पोटातली महाधमनी फुगून फुटू लागली तरी दुखणे असेच असते. थंडी वाजून ताप, एकच किडनी किंवा लघवी बंद झालेली असेल तर तपासण्यांची तुलना करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले तर ती आधी मोकळी करावी लागते.

रिपोर्टमध्ये खड्याचे माप, जागा आणि घनता असावी. घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये देतात. १००० च्या वरचा खडा बाहेरून लहरींनी फुटायला चिवट, ५०० च्या खालचा युरिक ॲसिडचा असू शकतो आणि लघवी अल्कली करणाऱ्या औषधाने विरघळण्याची शक्यता असते. सीटीच्या सुरुवातीला घेतलेल्या सपाट चित्रात खडा दिसतो का, तेही लिहून घ्यावे. तिथे दिसला तर तो पडला की नाही हे पाहायला साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी पुरते, दुसरी सीटी लागत नाही.