पीएनआर आला, तिकीट आलंच नाही

विमानाचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा सहा अक्षरी क्रमांक, मिळाला की तिकीट निघालं, असं धरून कोल्हापुरातली बरीच पोरं एजंटांच्या खात्यावर पैसे टाकताहेत. म्हणून हे लिहितोय. आमचे दीड लाख त्याच सहा अक्षरांवर गेले.

आम्ही तिघं शिरोली एमआयडीसीतले. फाउंड्रीतून सलग रजा मिळणं म्हणजे काय, ते तिथं काम करणाऱ्यालाच विचारा. २०२४ च्या दिवाळीला जोडून रजा मंजूर झाली आणि पाठीवर बॅगा टाकून व्हिएतनाम फिरायचं ठरलं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून हनोई, स्लीपर बसनं सापा, मग खाली उतरत होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटीतून परत. राहायचं हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये. तालमीतल्या एका दोस्तानं एजंटचं नाव सुचवलं. राजारामपुरीत छोटंसं ऑफिस, भिंतीवर आयफेल टॉवर, टेबलावर गणपती. माणूस बोलायला गोड. "भावा, तुम्ही फकस्त बॅगा भरा, बाकी विषय माझ्यावर सोडा."

माणशी ४८,००० रुपये: जाण्या-येण्याचं विमान, व्हिसा, हॉस्टेल, सगळं धरून. वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून घेऊन सरकारकडं भरायचा कर. एकूण १,५१,२०० रुपये. टीसीएसचं नाव ऐकून आम्हाला उलट बरंच वाटलं, कारण परदेशी टूर पॅकेजवर सात लाखांपर्यंत तेव्हा खरोखरच ५ टक्के टीसीएस लागायचा. पण ज्याच्याकडून तो घेतला जातो त्याचा पॅन लागतो, आणि ती रक्कम नंतर आपल्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कराच्या नोंदीत, दिसायला हवी होती. यानं पॅन कुणाचाच मागितला नाही. तिमाही उलटून गेली तरी २६एएस कोराच. म्हणजे सरकारच्या नावावर ७,२०० रुपये त्यानं वेगळे लाटले. पैसेही "कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय" म्हणून मेहुण्याच्या खात्यावर मागितले, आणि "दुपारनंतर रेट वाढणार" हेही वर होतंच.

संध्याकाळी पीएनआर आला. विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर आमची नावं, तारीख, वेळ, सगळं बरोबर. इथंच खरी मेख आहे. एजंटला पैसे न भरताही काही काळासाठी जागा धरून ठेवता येते आणि तेवढ्यावर पीएनआर तयार होतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसला प्रकार. मुदतीत पैसे भरले नाहीत तर ते बुकिंग आपोआप रद्द होतं. मोठ्या विमान कंपन्यांचं तिकीट खरोखर निघालं की १३ आकडी ई-तिकीट नंबर मिळतो, तो बघायचा. स्वस्तातल्या काही कंपन्यांकडे असा नंबर नसतो. तिथं कंपनीलाच फोन लावून पैसे जमा झालेत का, ते विचारायचं.

हे सगळं उघडकीला आलं ते एका साध्या ईमेलमुळं. आम्ही हनोईला भल्या पहाटे उतरणार होतो, म्हणून बॅगा आधी ठेवता येतील का असं हॉस्टेलला विचारलं. उत्तर आलं, बॅगा खुशाल ठेवा, आणि तुमचं बिल इथं आल्यावर द्यायचं आहे. आमच्याकडं तर "पेड" लिहिलेलं व्हाउचर होतं! आगाऊ एक रुपया न भरता, फुकट रद्द करता येणारं बुकिंग करून त्यानं त्यावर स्वतःचा कागद छापला होता. मग पीएनआर परत टाकून बघितला. सापडेना.

व्हिसाची पीडीएफ तपासायची राहिली होती. व्हिएतनामचा ई-व्हिसा त्यांच्या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या काढता येतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. त्याच वेबसाइटवर नोंदणी क्रमांक, अर्जात दिलेला ईमेल आणि जन्मतारीख टाकली की व्हिसा खरा की खोटा ते कळतं. आमच्या अर्जात ईमेल कुठला टाकलाय, एवढंच त्याला विचारलं. "सिस्टिममधनं जातो तो, तुम्हाला काय करायचाय?" दुसऱ्या दिवशी फोन बंद आणि ऑफिसला कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या बोलण्यावरून असं वाटलं, की विचारत येणारे आम्ही पहिले नव्हतो.

त्याला व्हिएतनामची काडीचीही माहिती नव्हती, हे आता लक्षात येतं. दिवाळीच्या सुमाराला होई आनकडं पावसाळा असतो, कधीकधी गावात पूरही येतो. त्या भागात रोज माणसं पाठवणारा हे आपणहून सांगेल. यानं आम्हाला तिथल्या बीचचे फोटो पाठवले होते.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळं मेहुण्याच्या खात्यात जेवढं शिल्लक होतं तेवढंच अडकवता आलं. ही रक्कम फार मोठी नाही. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढं सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

त्यानंतर काही दिवसांनी वेगळाच फोन. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, मोबाइलवर एक ॲप घ्या." ते ॲप स्क्रीन समोरच्याला दाखवणारं होतं. आमच्यातल्या एकानं त्याला अस्सल कोल्हापुरी भाषेत काय सांगितलं, ते इथं लिहिता येणार नाही. पण आमची फसवणूक झालीय हे त्याला कुठून कळलं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पैशापेक्षा जास्त घोर पासपोर्टचा लागलाय. तिघांच्या पासपोर्टच्या स्कॅन कॉपी आणि व्हिसासाठीचे फोटो अजून त्याच्याकडं आहेत. हॉस्टेल असो की एजंट, परदेशी जाताना त्या कॉपी द्याव्याच लागतात, त्यामुळं आता कॉपीवर आडवं "फक्त व्हिएतनाम व्हिसासाठी" आणि तारीख लिहून देतो. जिथं स्वच्छ कॉपीच लागते तो सरकारी अर्ज स्वतःच भरतो. जुन्या कॉप्यांचं काय करता येईल, ते पोलिसांना विचारलं. त्यांनी तक्रारीला जोडून वेगळा अर्ज द्यायला सांगितलं. तो दिलाय, आणि पोच घेतलीय.