हलक्या प्लॅस्टिकचा ड्रायव्हर : १५० ग्रॅमचा अनुभव

डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे तबकडी (डिस्क) फेकून लक्ष्य गाठण्याच्या खेळात, १७५ ग्रॅमचा ड्रायव्हर (लांब फेकीसाठीची डिस्क) फेकण्याची सवय असलेल्या मला, त्याच साच्यातील पण प्लॅस्टिकमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे मिसळून १५० ग्रॅमपर्यंत हलकी केलेली डिस्क पहिल्याच फेकीत वेगळी वाटली. कमी ताकदीतही ती पुरेसा वेग घेते, आणि हीच तिची खरी देणगी आहे. मात्र उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत वेग असेपर्यंत ती उजवीकडे अधिक कलते आणि शेवटी डावीकडे परतण्याची तिची ओढ मंदावते. समोरून वारा असेल तर हा कल इतका वाढतो की जोरकस फेक पार उलटून जाते. तेव्हा जड डिस्कच घ्यावी. हाताचा वेग कमी असलेल्या खेळाडूंना मी ही हलकी डिस्क मनापासून सुचवेन, कारण जड ड्रायव्हर त्यांच्या हातून फार लवकर डावीकडे कोसळतो.